दवाखाना किती लांब? बाळंतपण आणि एचआयव्ही उपचारांतल्या अंतराचं गणित

सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर ‘दवाखाना किती लांब?’ असं विचारलं, तर किलोमीटरमध्ये उत्तर सहसा मिळत नाही. ‘जीप मिळाली तर अर्धा दिवस’, ‘पाऊस नसला तर आजच्या आज परत’, ‘नदी उतरली की जाता येतं’ अशी उत्तरं मिळतात. आणि ती किलोमीटरपेक्षा जास्त खरी असतात. धडगाव, अक्कलकुवा, मेळघाटातली धारणी-चिखलदरा, गडचिरोलीतलं भामरागड, पालघरमधलं मोखाडा, सगळीकडे हीच गत आहे.

या अंतराचा सगळ्यात मोठा फटका दोन ठिकाणी बसतो. एक बाळंतपणात, दुसरा एचआयव्हीच्या उपचारात. पण दोन्हीकडचं अंतर एकसारखं नाही. बाळंतपणात अंतर एकदाच आडवं येतं, तेही नेमकं घाईच्या वेळी, आणि तेव्हा हिशोब तासांचा असतो. एचआयव्हीत घाई नसते. पण गोळ्या आयुष्यभर चालू ठेवायच्या असल्यामुळे तेच अंतर पुन्हा पुन्हा कापावं लागतं, म्हणजे तिथे हिशोब खेपांचा. एचआयव्ही असलेली बाई गरोदर राहते तेव्हा तिच्या वाट्याला दोन्ही हिशोब येतात. कोणती सोय कुठे मिळते, खेपा कशा कमी होतात आणि हक्काचं काय काय आहे, याची ही माहिती.

डोकी मोजली, डोंगर मोजले नाहीत

सरकारी आरोग्य केंद्रं लोकसंख्येच्या हिशोबाने उभी राहतात. सपाटीवर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, तर डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकांमागे. प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे पीएचसी, सपाटीवर ३०,००० लोकांना आणि आदिवासी भागात २०,००० लोकांना. त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी जिल्हा रुग्णालय.

आदिवासी भागाला सवलतीचा निकष दिलेला आहे, हे खरं. तरी गणित चुकतंच. सपाटीवर ३,००० लोक एकाच गावात राहतात. सातपुड्यात तेवढेच लोक दहा-बारा पाड्यांवर पसरलेले असतात आणि पाड्यावरची घरंसुद्धा एकमेकांना लागून नसतात. या टेकडीवर एक, त्या टेकडीवर दुसरं. कागदावर उपकेंद्र ‘गावात’ असतं, पण गावाच्या शेवटच्या घरापासून तिथे पोचायला दोन ओढे ओलांडावे लागतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जवळची इमारत म्हणजे जवळची सेवा नव्हे. पीएचसीत साधं बाळंतपण होतं, सिझर होत नाही. सिझरला ऑपरेशन थिएटर लागतं, स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, भूल देणारा डॉक्टर लागतो आणि रक्त लागतं. यातलं एक जरी नसलं तरी बाकीच्यांचा उपयोग नाही. म्हणून पुष्कळदा पेशंट पीएचसीतून ग्रामीण रुग्णालयात, तिथून उपजिल्ह्यात, तिथून जिल्ह्याला असा पाठवला जातो. घरापासून पहिला दवाखाना किती लांब, याला तेव्हा फारसा अर्थ उरत नाही. ज्या दवाखान्यात काम होणार आहे तो किती लांब, हे आधी माहीत असावं लागतं.

बाळंतपण : तासांचा हिशोब

बाळंतपणात बाई दगावते ती बहुतेक वेळा मोजक्याच कारणांनी. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, वाढलेल्या रक्तदाबामुळे येणारे झटके, जंतुसंसर्ग, अडलेलं बाळंतपण. यात अतिरक्तस्राव सर्वांत घाईचा. रक्त जोरात जायला लागलं आणि काहीच उपाय झाला नाही, तर दोनेक तासांत जीव जाऊ शकतो. त्यात बाई आधीच रक्ताने कमी असेल किंवा सिकलसेलची रुग्ण असेल, तर तिच्या अंगात थोडाही रक्तस्राव सोसायची ताकद नसते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात सिकलसेल ही घरोघरची गोष्ट आहे, हे इथे विसरून चालत नाही.

कोलंबिया विद्यापीठातल्या सरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ साली मातामृत्यूंमागे तीन उशीर असतात अशी मांडणी केली. पहिला उशीर घरातून निघायचा निर्णय घेण्यात, दुसरा दवाखान्यात पोचण्यात, तिसरा दवाखान्यात पोचल्यावर उपचार सुरू होण्यात. जगभरात ही मांडणी आजही वापरतात. अंतर म्हटलं की डोळ्यांपुढे दुसरा उशीर येतो, म्हणजे रस्ता आणि गाडी. पण त्यांनी दाखवलं ते असं की अंतर पहिल्या उशिरातच काम करून जातं. दवाखाना लांब आहे, गाडीभाडं जाणार आहे, पोचल्यावर डॉक्टर भेटेलच असं नाही, हे घरच्यांना ठाऊक असतं. मग ‘सकाळपर्यंत वाट बघू’ असं ठरतं. बाहेरून बघणारे त्याला अडाणीपणा म्हणतात. खरं म्हणजे तो घरच्यांनी मागच्या अनुभवावरून मांडलेला हिशोब असतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही येतो. ज्या दिवशी चुकतो, त्या दिवशी बाई हातातून जाते.

राज्याचं एकूण चित्र चांगलं दिसतं. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, तर देशाचा आकडा ९७ होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. पण या सरासरीत पुणे आणि मोलगी एकत्र मोजलेले असतात. उरलेल्या पाच टक्क्यांतल्या बाया कुठे राहतात, हे नकाशा समोर ठेवला की फारसं विचारावं लागत नाही.

झोळी, बोट आणि १०८

रस्ता नसलेल्या पाड्यावरून गरोदर बाईला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून खांद्यावर आणतात. लोकांनी तिला ‘बांबुलन्स’ असं नावही पाडलंय. सरदार सरोवराचं पाणी फुगल्यावर नर्मदाकाठच्या गावांचे जुने रस्ते बुडाले. त्या गावांसाठी तरंगता दवाखाना आणि बोट अँब्युलन्स आणावी लागली. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की धडगावचा एक रस्ता बंद. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो. अशा दिवशी अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं तरी कसं?

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे. ९३७ गाड्यांनी ती सुरू झाली आणि या गाड्यांमध्ये डॉक्टर असतो. गरोदर बाईला घरातून दवाखान्यात नेणं आणि बाळंतपणानंतर परत घरी सोडणं, यासाठी १०२ ची गाडी असते. दोन्ही फुकट. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि दवाखान्यातलं जेवण मोफत आहे. एका दवाखान्यातून दुसरीकडे रेफर केलं तर तिथली गाडीही मोफत आहे, आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याचे उपचारही. डिझेलचे पैसे मागितले तर ते द्यायचे नसतात.

पण गाडी बोलवायला रेंज लागते. धडगावच्या कितीतरी पाड्यांवर फोन लावायचा तर ठरलेल्या टेकडीवर जावं लागतं, आणि गाडी घरापर्यंत नाही तर सडकेपर्यंतच येते. म्हणून कळा सुरू झाल्यावर नव्हे, आठव्या महिन्यातच चार गोष्टी ठरवून ठेवाव्यात. रात्री फोन कोण लावणार आणि कुठून? सडकेपर्यंत कोण कोण उचलून नेणार? घरात मागे लेकरांजवळ कोण राहणार? आणि बाईचा रक्तगट कोणता, त्या गटाचं रक्त द्यायला कोण तयार आहे? माता-बाल संरक्षण कार्डावर रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब यांच्या नोंदी असतात. कार्ड पेटीत कुलूपबंद ठेवू नये, दाराजवळच्या पिशवीत ठेवावं.

अंगावर सूज, खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, झटका, पाणी जाणं, रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. झटके येणाऱ्या बाईला पुढे पाठवण्याआधी पहिलं इंजेक्शन पीएचसीतच देता येतं. म्हणून ‘इथे काही होणार नाही, सरळ जिल्ह्याला जाऊ’ म्हणून पीएचसी टाळून पुढे जाणं पुष्कळदा अंगाशी येतं. वाटेत पीएचसी असेल तर थांबून पहिला उपचार घ्यावा, आणि तिथूनच पुढच्या दवाखान्याला फोन करायला लावावा.

माहेरघर : आधीच जाऊन राहणं

अंतर कमी होत नसेल तर वेळ पुढे ओढायची, ही माहेरघराची कल्पना. आदिवासी भागातल्या काही पीएचसींच्या आवारात खोली बांधलेली असते. गरोदर बाईने अंदाजे तारखेच्या आठ-दहा दिवस आधी तिथे येऊन राहायचं, सोबत एक नातेवाईक आणि लहान मूल. जेवणाची सोय असते. कळा सुरू झाल्या की दवाखाना दहा पावलांवर. ज्यांची तारीख जुलै ते सप्टेंबरमध्ये येते त्यांच्यासाठी तर हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

तरीही अनेक ठिकाणी माहेरघरं रिकामी राहतात. ‘बायका येतच नाहीत’ असं त्याचं कारण मीटिंगमध्ये सांगितलं जातं. त्या का येत नाहीत, हे मात्र घरी गेल्यावर कळतं. जुलैत पेरणी असते, निंदणी असते. शेळ्या कोण बघणार? घरातली मोठी दोन लेकरं कुणाकडे ठेवायची? नवऱ्याने सोबत यायचं तर त्याची मजुरी बुडते. खोलीत लाईट-पाणी नसलं तर एक रात्र राहून बाई परत जाते आणि पाड्यावरच्या चार जणींना तेच सांगते. यातली लाईट-पाण्याची गोष्ट ग्रामपंचायत आणि रुग्ण कल्याण समिती सोडवू शकते. शेळ्यांची गोष्ट सासूने किंवा शेजारणीने सोडवायची.

सेवाच घरापर्यंत नेणं हा दुसरा मार्ग. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येते, त्याचं मूळ तिथे आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. ताई आली नाही तर विचारायला हरकत नाही. ती येऊ शकली नाही याचं कारणही बहुतेकदा रस्ताच असतो.

एचआयव्ही : खेपांचा हिशोब

महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणारे सुमारे चार लाख लोक आहेत, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. औषधं सरकारी एआरटी केंद्रांतून फुकट मिळतात, २००४ पासून. तपासणीत एचआयव्ही निघाला की लगेच औषध सुरू करायचं, हे धोरण २०१७ पासून आहे. पूर्वी पेशी कमी होईपर्यंत थांबायचे, आता थांबत नाहीत. आज बहुतेकांना रोज एकच गोळी असते. ती नीट घेतली तर माणूस कामधंदा करत पूर्ण आयुष्य जगतो. रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत दिसत नाही, आणि तसा तो कायम राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

औषध फुकट असलं तरी ते आणायला जाणं फुकट नसतं. डोंगरातल्या माणसाला पहाटे निघून जीप धरायची, पुढे एसटी, केंद्रात लाईन आणि परतीची शेवटची गाडी. पूर्ण दिवस जातो. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये रोज धरली आणि महिन्याला एक खेप धरली, तर वर्षाला १२ दिवसांचे ३,७४४ रुपये बुडाले. गाडीभाडं आणि दुपारचं जेवण वेगळं. तब्येत स्थिर असलेल्या पेशंटला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात. तशा मिळाल्या तर खेपा चार आणि बुडालेली मजुरी १,२४८ रुपये. म्हणजे डॉक्टरांच्या एका चिठ्ठीने गरीब घरात वर्षाला अडीच हजार रुपये वाचतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एकदम जास्त दिवसांच्या गोळ्या देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आणि ती चालते हे दिसून आलं. तुमची तब्येत स्थिर असेल, गोळ्या चुकत नसतील, तर ‘तीन महिन्यांच्या मिळतील का?’ असं समुपदेशकाला विचारावं. न विचारता मिळेलच असं नाही.

दुसरी सोय म्हणजे लिंक एआरटी केंद्र. मुख्य केंद्र जिल्ह्याला असलं तरी काही उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत त्याची शाखा असते. उपचार एकदा बसला की पुढच्या गोळ्या तिथून घेता येतात. आपल्या तालुक्यात असं केंद्र कुठे आहे, हे आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रात विचारलं की कळतं.

खेप चुकली की गोळ्या संपतात, गोळ्या संपल्या की विषाणू पुन्हा वाढतो. असं वारंवार झालं तर त्याच औषधाला तो दाद देत नाही. मग दुसरं औषध लागतं, आणि त्यासाठी आणखी मोठ्या, आणखी लांबच्या केंद्रात जावं लागतं. म्हणून घरी आठवड्याच्या गोळ्या उरल्या असतानाच निघावं. गोळ्या मूळ बाटलीतच ठेवाव्यात. कुणाला दिसू नये म्हणून काही जण त्या डबीत काढून ठेवतात, पण पावसाळ्यात त्यांना दमट हवा लागते.

दोन्ही हिशोब एकाच बाईवर

आईला एचआयव्ही असेल आणि काहीच उपचार झाले नाहीत, तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. पोटात असताना, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. उपचार नीट झाले तर हे प्रमाण शंभरात पाचाच्या खाली येतं. एवढा फरक पाडणारं औषध क्वचितच असतं. म्हणून प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी पहिल्या तीन महिन्यांत व्हायला हवी. उपकेंद्रातली सिस्टर बोटातून थेंबभर रक्त घेऊन ती करू शकते. मात्र हा फक्त प्राथमिक अंदाज असतो. त्यात काही आढळलं तर आयसीटीसीत पक्की तपासणी होते, तोपर्यंत कुणाच्या माथी ‘पॉझिटिव्ह’चा शिक्का मारायचा नसतो.

आता त्या बाईच्या खेपा मोजू. पक्क्या तपासणीची एक, एआरटी केंद्रात नाव नोंदवायची एक, औषध बसलं का ते बघायला साधारण पंधरा दिवसांनी एक, पुढे दर महिन्याला एक. गरोदरपणाच्या तपासण्या आणि सोनोग्राफी वेगळ्या. आठव्या-नवव्या महिन्यात रक्तातला विषाणू किती आहे याची तपासणी. मग बाळंतपण. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन पहिली तपासणी, सहाव्या महिन्यात, वर्षाला पुन्हा, आणि शेवटचा पक्का निकाल १८ व्या महिन्यात. तोपर्यंत तिचं एआरटी चालूच. सगळ्या मिळून डझनभरापेक्षा कितीतरी जास्त खेपा होतात, आणि यातल्या अर्ध्या पोटात किंवा कडेवर बाळ घेऊन.

गळती होते ती बहुतेक बाळंतपणानंतर. बाळ ठणठणीत दिसतं, सहावा आठवडा पेरणीत किंवा काढणीत येतो, आणि ‘पुढच्या महिन्यात जाऊ’ होतं. पण लागण झालेल्या बाळाला लवकर औषध सुरू झालं नाही तर ते पहिल्या दोन वर्षांतच दगावण्याचा धोका मोठा असतो. त्यामुळे सगळ्या खेपांमध्ये सहाव्या आठवड्याची खेप चुकवू नये अशी. लसीकरणाचाही पहिला मोठा टप्पा त्याच आठवड्यात असतो. सिस्टरशी बोलून दोन्ही एकाच दिवशी करता येतं का ते बघावं.

बाळाला जन्मल्याबरोबर पातळ औषध सुरू होतं. साधारण सहा आठवडे, धोका जास्त असेल तर दोन औषधं आणि जास्त काळ. म्हणून कुठे बाळंतपण होणार हे आधी ठरलेलं असावं, आणि ते औषध तिथे आहे का हे आठव्या महिन्यातच विचारून ठेवावं. अंगावर पाजायला हरकत नाही, आईच्या गोळ्या चालू असल्या पाहिजेत. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणी नाही, गुटी नाही, वरचं दूध नाही. थोडं अंगावरचं आणि थोडं वरचं, हे सगळ्यात धोक्याचं. आणि एचआयव्ही आहे म्हणून सिझरच करावं लागतं असंही नाही. बाळंतपणात दुसरी अडचण असेल तरच सिझर. एखादी बाई तपासणी न झालेलीच कळा घेऊन आली, तर तिची तपासणी त्याच वेळी करून औषध लगेच सुरू करता येतं.

जवळचा दवाखाना लांब का वाटतो?

गरोदर बाईला दवाखाना जितका जवळ तितका बरा. एचआयव्हीत मात्र हे नेहमी खरं ठरत नाही. गावाजवळच्या केंद्रात लॅबमधला मुलगा सासरच्या नात्यातला निघतो, औषधाच्या खिडकीवर शेजारच्या गावची बाई बसलेली असते. मग माणूस जवळचं केंद्र सोडून मुद्दाम दुसऱ्या तालुक्यात किंवा सीमेपलीकडे गुजरातमध्ये जातो. दहा किलोमीटरवरचं केंद्र ओळखीच्या नजरेमुळे शंभरावर जातं.

सवलतींचंही तेच. एचआयव्ही असलेल्यांना एसटीत मोफत प्रवास आहे. पण ते कागद ज्या कंडक्टरला दाखवायचे तो गावचाच असला तर काय करायचं? कित्येक जण खिशातून तिकीट काढतात. बायांसाठी मार्च २०२३ पासून सरसकट अर्धं तिकीट आहे, तिथे कुणाला काही सांगावं लागत नाही, म्हणून तेच जास्त वापरलं जातं.

लिंक केंद्रं वाढवताना हा मुद्दा सुटता कामा नये. शाखा गावाजवळ आणली आणि एआरटीची खोली वेगळी, मोठ्या अक्षरांत पाटी लावून ठेवली, तर अंतर वाचलं पण माणूस आला नाही. सगळ्या पेशंटच्या लाईनीतूनच गोळ्या मिळाल्या तर तो येतो.

केंद्र गावात, माणूस कारखान्यावर

दिवाळीच्या आसपास बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नंदुरबारची माणसं गुजरातेत उतरतात. पाच-सहा महिने गाव रिकामं. गरोदर बाईचं कार्ड एका जिल्ह्यात, ती दुसऱ्या राज्यात, आशाताईच्या यादीत ती ‘गैरहजर’. एचआयव्हीच्या गोळ्या जिल्ह्याच्या केंद्रात, माणूस फडात.

यावर उपाय आहेत, फक्त निघायच्या आधी करावे लागतात. एआरटी केंद्रातून मिळालेलं ग्रीन बुक सोबत ठेवावं. जायच्या आधी केंद्राला सांगितलं तर जास्त दिवसांच्या गोळ्या देता येतात, किंवा जिथे जाणार तिथल्या केंद्रात नाव बदलून मिळतं. मध्येच अडचण आली तर दुसऱ्या कुठल्याही सरकारी एआरटी केंद्रात ग्रीन बुक दाखवून तात्पुरत्या गोळ्या मिळू शकतात, राज्य दुसरं असलं तरी. गरोदर बाईनेही माता-बाल कार्ड बरोबर न्यावं. जननी शिशुची मोफत सेवा कुठल्याही जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मिळते. ‘तुमचं गाव इथलं नाही’ हे नाकारायचं कारण नाही.

नाकारलं तर

एचआयव्ही आहे म्हणून बाळंतपण न करता पुढे ढकलून देणं, हा अंतर वाढवायचा सगळ्यात वाईट प्रकार. रस्ता चांगला, दवाखाना उघडा, डॉक्टर हजर, तरी बाईला आणखी साठ-सत्तर किलोमीटर पाठवलं जातं. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं, वेगळी वागणूक देणं, संमतीशिवाय तपासणी करणं किंवा कुणाचा रिपोर्ट बाहेर सांगणं त्यात बेकायदा आहे. सरकारी दवाखान्यालाही तो लागू, खाजगीलाही. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी असावा लागतो. राज्य पातळीवर लोकपालाची तरतूद आहे, आणि जिवावरच्या प्रसंगात लोकपालाने २४ तासांत आदेश द्यायचा असतो. वैद्यकीय कारणाने रेफर करणं वेगळं, ते करावंच लागतं. म्हणून रेफर करताना चिठ्ठीवर कारण लिहून मागावं. कारण लिहायची वेळ आली की काही वेळा रेफर करायची गरजच उरत नाही.

पैशांच्या बाजूने दोन योजना लक्षात ठेवण्यासारख्या. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्ही-एड्सचे गरजू रुग्ण बसतात, अर्ज तहसीलला. एचआयव्हीग्रस्त मुलांसाठी आणि एचआयव्हीग्रस्त पालकांच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, ती महिला व बालविकास विभागाकडे. कागद कोणते लागतील हे एआरटी केंद्रातला समुपदेशक सांगतो, तो विचारलेलं बाहेर बोलत नाही.

एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाईनचा नंबर आहे. फोन फुकट, नाव सांगायची गरज नाही. जवळचं तपासणी केंद्र, लिंक एआरटी केंद्र, दुसऱ्या राज्यातलं केंद्र, हे सगळं तिथे विचारता येतं. गाडीसाठी १०८, गरोदर बाई आणि बाळासाठी १०२. रेंज असलेल्या टेकडीवर चढण्याआधी फाट्याचं नाव, पाड्याचं नाव आणि सडकेवर कुठे उभे राहणार ती खूण ठरवून घ्यावी. कंट्रोल रूमला पहिल्यांदा तेच विचारावं लागतं.